जिभेवरची माती

दादा,

तुला ‘तीर्थरूप’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच दादा.

माती तपासणीसाठी प्रत्येक शेतात आठ ठिकाणी खणायचं, माती मिसळायची आणि पिशवीत भरायची, एवढंच तुझं काम. तू काय केलंस? ऊन लागतं म्हणून ऑफिसमागच्या बागेतली माती चाळीस पिशव्यांत भरलीस आणि वर चाळीस शेतकऱ्यांची नावं लिहिलीस! अरे, प्रत्येक पिशवीत त्याच फुटक्या कुंडीचे लाल तुकडे होते. मी प्रयोगशाळेत काय डोळे मिटून बसते?

रिपोर्ट गेला: माती उत्तम, मका पेरा. पाऊस कमी झाल्यापासून त्या शेतांत जमिनीतलं मीठ वर आलंय, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मका वीतभर वाढला आणि करपला. आता त्या चाळीस घरांनी वर्षभर काय खायचं, तुझे रिपोर्ट?

त्यातलं एक घर आपल्या आईचं. पेरणीआधी तिनं नेहमीसारखी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. मला म्हणाली, “खारट लागतेय गं. पण या वयात माझ्या जिभेचं काय खरं? दादानं तपासून घेतलीय ना!” आणि खायला ठेवलेला मकाही तिनं पेरून टाकला.

मी गप्प बसले, तुझी नोकरी जाईल म्हणून. कुंडीचे तुकडे मीच चिमट्यानं वेचून फेकले होते.

हे पत्र तुला पाठवणार नाही. आईला वाचून दाखवणार आहे. तिची जीभ अजून शाबूत आहे, हे तिला कळायला हवं.

तुझी बहीण,
रिपोर्टखाली सही करणारी