आई खोकली नाही

आबा, त्या सकाळी धुळ्याच्या घरात मी हंडा भरून ठेवला होता, चुलीवर दूध होतं, मी ज्वारी निवडत बसले होते आणि तुम्ही आरशासमोर दाढी करता करता डासाचा आवाज काढत होतात. हिवतापाच्या प्रचाराच्या सरकारी गाडीबरोबर तुम्ही गावोगाव जायचात. चित्रांचा सिनेमा हिंदीत, लोकांना कळेना, म्हणून बाजूला माईक धरून शेतकरी, त्याची बायको, डास, सगळ्यांचं बोलणं तुम्ही अहिराणीत करायचात. बाईचा आवाज काढताना डावा तळहात कानावर घट्ट दाबायचात. ती बाई म्हणजे जशीच्या तशी आमची आई. नरडाण्याला एक म्हातारी म्हणाली होती, "भाऊ, ती बाई कोठे लपाडेल शे? काढ तिले बाहेर, चहा पाजस तिले!" तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत, आम्ही हसलो. आई हसली नाही. "हाऊ मना आवाज इकी ऱ्हायना," एवढंच म्हणाली, जणू तुम्ही तिचा आवाज बाजारात विकत होतात.

त्या सकाळी ती आतल्या खोलीत आजारी होती. डॉक्टरांनी मुलांना जवळ जाऊ देऊ नका म्हटलेलं, म्हणून दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. जळगावच्या स्थळाला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "आई सांगेल तसं." "विचारून येतो," म्हणत तुम्ही आत गेलात. थोड्या वेळाने पडद्याआडून आवाज आला, "पोरी, हा म्हनी टाक. मना जीवले घोर नको लावू." हो म्हणायला सांगणारा आवाज आईचाच. पण चार शब्द बोलली की खोकणारी आई तेव्हा खोकली नाही. आणि तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचा डावा कान लाल होता. "ऐकलंस ना?" तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत. आठवड्याच्या आत आई गेली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं, की तुमचं, हे मला आजही माहीत नाही.

वाचायला मी लग्नानंतर शिकले, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. हे गेल्यापासून दुपारी तेवढंच करते. परवा अमेरिकेतल्या एका माणसाविषयी वाचलं. आयुष्यभर चित्रांना आवाज देत होता, कधी कुत्रा, कधी म्हातारी. खूप कौतुक केलं होतं त्याचं. त्याच्या घरचे त्याचं कोणतं बोलणं खरं मानायचे, ते मात्र कुठे नव्हतं. मी तर पुढे तुमचं कोणतंच बोलणं सरळ ऐकलं नाही. दिवाळीला येऊन तुम्ही नातवंडांना डास काढून दाखवायचात, तेव्हा मी तुमच्या हातावर नजर ठेवून असायचे. विचारलं मात्र कधी नाही. संसार चांगला झाला. वाईट झाला असता तर तुम्हाला दोष देऊन मोकळी झाले असते.

आता तुम्हीही नाही, हे पत्र कुठे टाकणार, ठेवून देईन. पण एक गोष्ट माझ्याकडचीही आहे. जळगावचा मुलगा मला आवडला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलात. घरात आम्ही दोघीच. आई जागी होती, खोकत होती, मध्ये फक्त ते लुगडं. मी तिला काही विचारलं नाही. पाहुण्यांसाठी चहा ठेवला, आणि ते आल्यावर मी हो म्हणाले.