बिस्किटच्या पोटातले उंदीर

१२ जानेवारी, सोमवार
बाहेर उणे एकोणतीस अंश. ऑफिसातून आलो तर केतकी बेसमेंटमध्ये, बिस्किटला मांडीवर घेऊन बसलेली. "समथिंग इज राँग विथ हिम, बाबा." तिची ही घोरपड चार दिवस खात नाहीये. पोट जमिनीला घासतंय, शेपटीचं मूळ सुजल्यासारखं. दिव्याखालच्या गरम दगडावरही येत नाही.
म्हटलं, थंडीमुळे असेल. आणि वर निघून आलो.

१४ जाने., बुधवार
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खायला काय देता? केतकीने वही उघडली. रातकिडे, गांडुळं, वर कॅल्शियमची पावडर, दर रविवारी वजन. सतरा वर्षांची पोर, पण नोंद एक चुकलेली नाही. फक्त वजन ऑक्टोबरपासून चढतंय.
एक्स-रेत नुसती चरबी. लिव्हर मोठं झालंय. बाई म्हणाल्या, या जातीला किडे हवेत. सारखे उंदीर खाणाऱ्या घोरपडीचं पोट असं दिसतं.
"आय नेव्हर गेव्ह हिम माइस. नेव्हर."
बाईंनी वही मिटून परत दिली. केतकीचे कान लाल झाले.
मी शेजारच्या खुर्चीत, दोघांची जॅकेटं मांडीवर घेऊन.

१५ जाने.
लिहून तरी टाकतो. सप्टेंबरात केतकी शाळेच्या कॅम्पला गेली, रातकिडे संपले. आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, फ्रोझन उंदीर द्या, खूश होईल. झाला की! काचेवर झेपच घेतली. मग केतकी ग्रोसरी स्टोअरला कामाला गेली की एक. कधी दोन. माझी पावलं जिन्यावर वाजली की पुढे यायचा. बायको, सु., आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलेली ती अजून तिथेच, केतकी हेडफोनमध्ये. आग्रह करून वाढायची सवय, दुसरं काय.
गॅरेजच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीखाली, अजून पाच आहेत.

१७ जाने., शनिवार
केतकी टेबलाशी वही घेऊन बसलेली. कुठे चुकलं ते शोधतेय. म्हणाली, बिस्किटला रेस्क्यूवाल्यांकडे देणार. आणि व्हेटच्या कोर्सला अप्लाय करणार नाही. "आय कान्ट ईव्हन फीड वन लिझर्ड."
पाणी प्यायलो. परत आलो. सांगितलं. "उंदीर मी दिले."
"व्हॉट?"
"आठवड्याला दोन-तीन. सप्टेंबरपासून."
ओरडेल वाटलं होतं. तिने पेन घेतलं, तारखा विचारल्या, एकेक लिहून घेतली. आठवत नव्हत्या तिथे प्रश्नचिन्ह. मग चक्क मराठीत, "तू तिथेच बसला होतास ना, बाबा. माझ्या शेजारी."


१९ जाने.
बोलत नाही. फ्रीजवर चिठ्ठी : डोन्ट फीड हिम.
सु.ला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "आता स्वतःचं डोकं चालवू नकोस. ती सांगेल तेवढंच कर."

२१ जाने.
खात नाही. केतकी त्याला रोज कोमट पाण्यात बसवते, पाणी तरी पोटात जावं म्हणून. डोळे खोल गेलेत.
गॅरेजमध्ये गेलो. एक उंदीर दिला तर नक्की खाईल. हातात घेऊन उभा राहिलो, बोटं बधिर होईपर्यंत. पाचही कचऱ्यात टाकले. कचऱ्याची पिशवी लगेच बाहेर नेली, माझाच भरवसा नाही म्हणून.

२३ जाने., शुक्रवार
बर्फात मासेमारी करणाऱ्यांच्या दुकानातून जाड गांडुळं आणली, आधी तिला मेसेज करून विचारलं. उत्तर : ओके.
चिमट्याने तिनेच धरलं. बिस्किटने जीभ लावली, तोंडात घेतलं, टाकून दिलं. ती चिमटा घेऊन तासभर तशीच बसली. मी जिन्यावर. खाली ये म्हणाली नाही, वर जा असंही नाही.

२५ जाने.
आज नळीने भरवायचं. डॉक्टरीणबाईंनी दाखवलंय, पण दोन माणसं लागतात. तिने हाक मारली. मी धरलं. अंगात जोर नाही, नखं नुसती मनगटावर टेकलेली.
"डोकं सरळ. टाइट नको. बाबा, टाइट नको!"
सिरिंज रिकामी होईपर्यंत पकड तशीच सैल ठेवली.

२८ जाने., बुधवार
आज एक गांडूळ खाल्लं. स्वतःहून, चावून. दुसऱ्याला तोंड फिरवलं. केतकी हसली नाही, वहीत लिहिलं फक्त. मला वाचता येईल अशी वही टेबलावर ठेवली, की विसरली, कोण जाणे. वजन अजून उतरतंय. ते चरबीचं की कशाचं, तिलाही सांगता येत नाही.
उद्या साडेआठला रक्ततपासणी. लिव्हर सावरतंय का ते त्यात कळेल.
जेवताना म्हणाली, "उद्या डॉक्टरशी तू बोलायचंस. सगळं."
बरं म्हटलं.