मुंगीची परांची

५ एप्रिल

ती. ताईस,
भिंगरीचा लांबूनच, पण वाकून सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत, सहाव्या मजल्याच्या फळीवर बसून वाचलं. वारा असा, की एका हातात डबा आणि दुसऱ्यात पत्र, जेवायला हातच उरला नाही. मुंगीचा ताप गेला हे वाचून बरं वाटलं आणि पुढचं वाचून डबा बाजूला ठेवला. वजन भरल्याशिवाय शाळेत पाठवायचं नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि ही पोर नवं दप्तर उशाशी घेऊन झोपते पण जेवताना दातखीळ बसवते, म्हणजे काय! तू चमच्याचं विमान केलंस, गोष्टी सांगितल्यास, शेवटी डोळेही वटारलेस. ताई, हे सगळे प्रयोग माझ्यावर झालेले आहेत. मी पाला गालात धरून घरभर हिंडायचो आणि खिडकीतून थुंकायचो, विसरलीस?

मला स्वयंपाक येत नाही. परांची मात्र येते. इमारतीला बाहेरून गिलावा करायचा, रंग द्यायचा, तर आधी भोवती उभे खांब रोवायचे, आडव्या फळ्या टाकायच्या आणि जागोजाग गाठी मारायच्या, तेच आमचं काम. तर मुंगीला सांग, मामाच्या हाताखाली एक जागा रिकामी आहे. बटाटा उकडून, थोडं लोणी घालून कुस्कर, तो पाया. गाजराच्या उभ्या कांड्या वाफवून घे, फार मऊ नको, खांब वाकतो. काकडीचे लांब काप म्हणजे फळ्या. कांद्याची पात गरम पाण्यातून काढलीस की दोरीसारखी वळते, तिच्या गाठी. आणि डोक्यावर वाटी उपडी घातल्याशिवाय तिला कामाला हात लावू द्यायचा नाही. खेळ आहे म्हणू नकोस, काम आहे म्हण.

दाजींना नमस्कार. लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


१४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आणि सोबत एक धपाटा, पोचल्याचं कळव.

तुझी परांची उभी राहिली. दोन मजली. मुंगीने डोक्यावर डाळीची वाटी घातली, ह्यांना गाजरं पुरवायला बसवलं आणि एक खांब कलला म्हणून त्यांना असं झापलं, की ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पातीची गाठ तिला पहिल्या खेपेला जमली नाही, तर जीभ बाहेर काढून पुन्हा पुन्हा मारत बसली. तापानंतर पहिल्यांदा ती अशी हसताना पाहिली, म्हणून तुझे आभार. आता धपाट्याचं ऐक.

ती खातच नाही! खा म्हटलं तर म्हणते, मामाने बांधायला सांगितलंय, खायचं कुठे लिहिलंय? मला तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं. खरंच, एक अक्षर नाही. परांची फ्रिजमध्ये उभी आहे, गाजरं सुकून म्हातारी झालीत, आणि बाई दर थोड्या वेळाने दार उघडून पाहणी करतात. काल मी एक फळी उचलली तर घर डोक्यावर घेतलं.

हे म्हणाले, त्याच्याकडून उतरवायचं राहणारच, तो कुठल्या कामावर परांची उतरेपर्यंत टिकलाय? मी तुझी बाजू घेणार होते, पण काय सांगून घेऊ? जिथे उभारणी संपली तिथे तुझी ट्रंक बांधलेली. आता तूच हिला उतरवायला शिकव. जूनमध्ये शाळा उघडेल, आणि हिची हाडं अजून फ्रॉकातून दिसतात. मला रात्री झोप लागत नाही रे.

जेवतोस ना वेळेवर? माया आहेच, तिची परीक्षा बघू नकोस.

तुझी,
ताई


२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि धपाटा पोचला, पाठीवर बरोबर मधोमध.

दाजींना सांग, त्यांचा नेम चुकला नाही. तुझं पत्र आलं तेव्हा ट्रंक खरंच भरलेली होती. बंदरावर नवं काम निघालंय, तिकडे सटकायचं ठरवलं होतं. पण मुंगीला उतरवायला शिकवायचं तर मला कुठे येतं? मुकादमाकडे गेलो आणि विचारलं. तो आधी पोट धरून हसला. म्हणाला, बांधायला कोणीही भिंगरी चालते, उतरवायला माणूस लागतो. मग म्हणाला, थांब आणि बघ. म्हणून थांबलोय. ट्रंक पुन्हा रिकामी केली, शर्टांना सुरकुत्या पडल्यात.

तर नियम असे आहेत, मुंगीला वाचून दाखव. जी फळी शेवटी बसवली ती आधी काढायची. काढलेला माल खाली टाकायचा नाही, लगेच गोदामात जमा करायचा. गोदाम कुठलं ते तिच्या पोटावर टिचकी मारून सांग. आणि गाठ ज्याने मारली त्यानेच सोडायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

अजून एक, हे फक्त तुझ्यासाठी. परांची कधी रिकाम्या जागेभोवती नसते, आत इमारत असते, चूक माझी तिथेच झाली. एक अंडं उकडून सोलून बिटाच्या पाण्यात बुडवून ठेव, रंग धरेल. मग पायावर उभं करून वरून कुस्करलेल्या वाटाण्याचा जाड गिलावा दे. आत काय आहे ते तिला सांगू नकोस. म्हणावं, परांची उतरल्याशिवाय गिलाव्याला हात लावायचा नाही आणि गिलावा काढल्याशिवाय घर दिसायचं नाही. मला वाटतं तिला धीर धरवणार नाही. शेवटी भाची कोणाची!

लोभाचा पाया पक्का आहे, मजले चढवत राहा.

तुझा,
भिंगरी


७ मे

मामा,

हे पत्र बाबा लिहितायत पण बोलतेय मी. मध्ये स्वतःचं घालायचं नाही असं मी त्यांना बजावलंय.

मी सगळी परांची उतरवली. वरून खाली. एक फळी पडली, पण ती बाबांच्या धक्क्याने. मग गिलावा चमच्याने काढला आणि तोही गोदामात टाकला, कारण आई म्हणाली मलबा रस्त्यावर ठेवत नाहीत. आणि मामा, आत घर गुलाबी होतं! मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते मी फोडलं तर आत पिवळा दिवा लावलेला होता. तोही खाल्ला. आता आई रोज वेगळं घर बांधते. काल पनीरचं होतं. भोपळ्याचं होतं ते जरा पडकं होतं, पण मी उतरवलं.

तुझं घर कुठल्या रंगाचं निघालं ते सांग. आणि तू पाला थुंकायचास ते मला कळलंय.

तुझी,
मुंगी (हे नाव मी स्वतः लिहिलं)


१२ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., आणि ह्या वेळी धपाटा नाही.

डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं, काटा बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि म्हणाल्या, पाठवा शाळेत. मी तिथेच रडायला लागले तर मुंगी म्हणाली, आई, लोक बघतायत.

पहिल्या दिवशी डब्यात काय नेलंन, सांगू? सुटे खांब, सुट्या फळ्या, पात, आणि पायाला पावाचा जाड तुकडा. शेजारच्या बाकावरच्या मुलीला वाटी नसल्यामुळे रुमाल बांधून कामाला घेतलं म्हणे. संध्याकाळी ती आल्या आल्या मी आधी डबा उघडला. धुतल्यासारखा रिकामा. फक्त कोपऱ्यात पातीची एक गाठ उरलेली. मी टाकणार तोच ती ओरडली, की ती मामाची आहे, मामाला अजून उतरवता येत नाही ना, त्याला शिकायला ठेवलीय. सोबत पाठवते आहे.

कधी येतोस? मायेला तारीख नसते, पण तुला असावी.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमची परांची काल उतरली. शेवटचा खांब मी खाली घेतला. मुंगीला सांग, इमारत पिवळी निघाली, तिच्या दिव्यासारखी, आणि एका खिडकीत कोणीतरी लगेच कुंडी आणून ठेवली. मी खाली उभा राहून बघतच बसलो. मुकादमाने पाठीवर थाप मारली, सुट्टी मागायच्या आधीच दिली.

गाठ पोचली. वाळून सुतळीसारखी झालीय. पोरीने अशी मारलीय, की नखाने सुटेना. म्हणून नियम मोडला आणि सगळीच्या सगळी गोदामात जमा केली. चावून. थुंकली नाही, मुकादम साक्षीला आहे.

शनिवारच्या गाडीने निघतोय. बटाटे उकडून ठेव. ह्या वेळी उतरवून होईपर्यंत थांबणार आहे.

तुझा,
भिंगरी