जगप्रवाशाचं घर, मोताळा

६ जानेवारी १९६४
यांचं पत्र आलं. तुर्कस्तानातून. घरच्या पत्त्यावर नाही, शाळेच्या. म्हणजे आधी हेडमास्तर फोडणार, मग मला मिळणार. हे.मा.नी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर वाचलं. हे बर्फात अडकले, एका म्हातारीनं घरात घेतलं, स्वतःची गोधडी यांच्या अंगावर घातली, निघताना रडली. वाचून झाल्यावर हे.मा. माझ्याकडे वळले. "बाई, परक्या मुलखातली माय! माणुसकी जिवंत आहे हो."
मी मान हलवली. यांची सख्खी माय दम्यानं बसून झोपते. तिच्या अंगावर कोण काय घालतं, ते जगाला कळायचं कारण नाही.
शेवटी: बर्फानं पुढचा रस्ता बंद, परत फिरायचा विचार आहे. सौ.स आशीर्वाद. बेबीचं नावसुद्धा नाही.

९ जानेवारी
परत येणार म्हटल्याबरोबर सत्कार समिती. अध्यक्ष हे.मा. माझ्याकडे यांचा फोटो मागितला. जातानाचा एकच आहे. बासष्टचा दसरा, चौकात सायकल, गळ्यात हार, पाटीवर 'विश्वशांतीसाठी जगप्रवास'. कोपऱ्यात मी, कडेवर तीन महिन्यांची बेबी. (शांतीसाठी हे निघाले आणि पंधरा दिवसांत चीनची लढाई सुरू झाली. कोणी हसलं नाही. मी हसले, एकटी.)
हे.मा. म्हणाले, "कोपरा कापून घेऊ. मोठा करायला बरं पडेल."
घ्या कापून.
यापुढे या वहीत यांना ज.प्र. लिहिणार. जगप्रवासी. सगळं गाव तेच म्हणतं, मी का मागं राहू?

१३ जानेवारी
सासूबाईंना सकाळी जोरात दमा उठला. ओठ निळे. मी शाळेत. शेजारच्या अमीनाबीनं भिंतीवरून आवाज ऐकला, हातातलं टाकून धावत आली, शेगडी पेटवून वाफ दिली, पाठ चोळत बसली. मी आले तोवर सा. बोलत होत्या. अमीनाबीची भाकर तव्यावर जळून कोळसा.
"अवो बाई, मानसापरीस भाकर मोठी हाये काय?" म्हणाली आणि गेली. तिच्याबद्दलचं पत्र कोणी प्रार्थनेत वाचणार नाही.

१८ जानेवारी
काय लिहू. दारात गोरा माणूस. लाल तोंड, उन्हानं नाक सोललेलं, सायकलवर दोन्हीकडे पिशव्या. मागं अर्धं गाव. खिशातून कागद काढून दाखवला. ज.प्र.चं अक्षर. इंग्रजीत आमचा पत्ता.
ऑस्ट्रियाचा आहे. नाव पेटर. एकटा कलकत्त्याला चाललाय. इराणात हे दोघं भेटले, आठ-दहा दिवस बरोबर होते. ज.प्र.नी सांगितलं, वाटेत माझं घर लागेल, हक्कानं उतर. मलकापूरहून वाट वाकडी करून आला बिचारा.
बिचारा कशाला? पीठ आहे का घरात, हे विचारलं होतं कोणी? तिकडे परक्यांची मेजवानी खायची आणि उधारी फेडायला मी.
पण उपाशी दिसत होता. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी, तरी सोडला नाही. सा. खूश. "खाय रे बाप्पा, खाय. कोन्या मायचं लेकरू हाये."
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. त्यामुळे बरं जमतं.

१९ जानेवारी, रविवार
आज सकाळी उठून पाहते तर पेटर मागच्या अंगणात राखेनं भांडी घासतोय. सा. ओरडल्या, "कमले! पावन्याले भांडे घासाले लावतं काय वं?" मी काय लावणार. त्याला म्हटलं, राहू दे. म्हणाला, आईकडे करतो, इथं का नको?
मग चहा घेताना म्हणाला. मी जसंच्या तसं लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटायचं नाही. म्हणाला, "तुमच्या नवऱ्याचं ऐकून वाईट वाटलं. इतक्या लहान वयात."
मी म्हटलं, काय झालं माझ्या नवऱ्याला?
तो गोंधळला. "वारले ना? वसंतनं सांगितलं. घरी म्हातारी आई आणि विधवा बहीण. तिची लहान मुलगी. तुम्ही त्याची बहीण ना?"
माझ्या कपाळावर कुंकू. त्याला काय कळणार त्यातलं.
मी म्हटलं, मी वसंतची बायको.
त्याचा चहा बशीत सांडला. कानापर्यंत लाल. माझी चूक, माझं इंग्रजी वाईट, असं दोनदा म्हणाला. मी विचारलं, खरं सांग. तेव्हा कप खाली ठेवून सांगितलं. चूक नाही. ज्या रोटीवाल्याच्या घरी दोघं उतरले होते, त्याच्या बायकोलाही ज.प्र.नी हेच सांगितलं. ती रडली. बेबीसाठी म्हणून लोकरीची टोपी विणून दिली.
ती टोपी इथं आली नाही.

२० जानेवारी
हळदीकुंकवाची तीन आमंत्रणं. गेले. बायका वाण देतात, कुंकू लावतात, "जगप्रवासीनबाई, तुमी तं लय नशीबवान हो." गालातला तिळगूळ कडू झाला. दाणदाण पाय आपटत घरी आले.
पेटर आज निघाला. दारात उभा राहून म्हणाला, मी त्याला लिहू का? मी म्हटलं, नको, माझं भांडण मीच करीन. हसला नाही, मान खाली घालून हात जोडले. बेबीला उचललं, तिनं त्याचं सोललेलं नाक ओढलं. वेशीपर्यंत सगळी पोरं मागं.
या माणसाचा राग करायचा होता मला. जमलं नाही. म्हणून सगळा एकाच ठिकाणी साठलाय.

२२ जानेवारी
सा.ना सांगितलं. सांगणार नव्हते, पण त्या सारख्या विचारत, "तोंड काऊन असं झालं वं तुह्यं?"
सगळं ऐकून घेतलं. मग, "म्या तं जित्ती हावो ना त्यानं सांगतलेल्या गोठीत?"
म्हटलं, हो, तुम्ही आहात.
"मंग बायकोसंगं मलेबी मारून टाकाचं होतं. तुले एकलीले काऊन?"
आणि रडायला लागल्या. मीच त्यांची पाठ चोळली. मी अजून रडलेले नाही. वेळ मिळत नाही.

६ फेब्रुवारी
तार. ज.प्र. मुंबईत उतरले, बसऱ्याहून बोटीनं. शनिवारी मलकापूर, तिथून सायकलवर मोताळ्यात. हे.मा. तार घेऊन नाचायचेच बाकी. मिरवणूक, लेझीम, मुलींचं स्वागतगीत. "आणि बाई, तुम्ही ओवाळायचं. मग रविवारी सभा. तुम्ही व्यासपीठावर."
म्हटलं, ओवाळणार नाही.
"काय बोलता? गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."
माझ्या इज्जतीला कोणती समिती आहे, ते विचारायचं राहिलं. आत्ता सुचतंय.

८ फेब्रुवारी
आले. काळे पडलेत, गालफडं बसलीत, दाढी. ओवाळलं सरपंचांच्या बायकोनं. घरी आले तर बेबी किंचाळून माझ्या मागं लपली. सा.नी मीठमोहऱ्या उतरवल्या. माय आहे ती.
लोक गेल्यावर स्वयंपाकघरात आले. "कमल, बारीक झालीस."
मी म्हटलं, पेटर येऊन गेला.
पाट ओढत होते, तिथेच थांबले. मग म्हणाले, "त्याचा तसा अर्थ नव्हता."
कसा होता?
आधी गंमत म्हणाले. मग प्रवासात असं काही सांगावं लागतं म्हणाले. मी पोळी लाटत राहिले. शेवटी खाली बसले आणि खरं बोलले. पहिले काही महिने खरंच सांगत होते, बायको आहे, तान्ही मुलगी आहे. लोक विचारत, मग तू इथं काय करतोस? एका गावात तर एका म्हाताऱ्यानं हात धरून सांगितलं, घरी जा. जेवू घातलं, पण नजर बदलली. म्हणून मग बहीण. विधवा बहिणीचं म्हटलं की दार उघडत.
म्हणजे त्या लोकांना कळत होतं! माझी भाषा न येणाऱ्या, मला कधी न पाहिलेल्या माणसांना कळत होतं की हा बायकापोरं टाकून आलाय. मोताळ्यात कोणाला कळलं नाही. इथं हार घातले.
पोळी करपली. मी ओरडले. इतकी की पलीकडून अमीनाबी विचारती झाली, "बाई, बरं हाये ना?"
हाव, म्हटलं. बरं हाये.
यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी पाहिलं तर हे सा.पाशी बसून त्यांची पाठ शेकत होते. त्या डोळे मिटून, लेकाच्या गुडघ्यावर हात. बेबी लांबून बघत होती. चांगलं दिसत होतं. त्याचाच जास्त राग आला. हे सगळं येतं यांना. येत नव्हतं असं नाही.
यांचं भाषण ठरवायला दुपारी हे.मा. आले. ते गेल्यावर हे म्हणाले, "तू व्यासपीठावर ये. नाहीतर लोक काय म्हणतील?"
मी म्हटलं, येणार नाही. घरी भोंगा ऐकू येतो. इराणचं सांगाल तेव्हा पुरं सांगा. त्या बाईला काय सांगितलं, ते. आणि त्या म्हाताऱ्यानं काय सांगितलं, तेही.
"सगळ्या गावासमोर?"
गावासमोरच गेला होतात.
"आणि नाही सांगितलं तर?"
मी बेबीला घेऊन ओसरीवर आले. त्यांनी स्वच्छ सदरा घातला, दाराशी थोडे थांबले, गेले.
आता चारचा सुमार. मी ओसरीवर, मांडीवर बेबी, शेजारी सा. भिंतीपलीकडे अमीनाबीनं कांडण थांबवलंय, तीही ऐकत असणार. स्वागतगीत झालं, हे.मा.चं लांबण झालं. मग यांचा आवाज. मुंबई, बोट, बसरा. टाळ्या. वाळवंटात पंक्चर झालेलं सांगितलं, लोक हसले. उंटवाल्यानं पाणी दिलं, टाळ्या.
सा. म्हणाल्या, "आवाज बसला वं त्याचा."
हो, बसलाय. मधेच थांबले. भोंग्यातून नुसतं वारं. कोणीतरी पाणी दिलं असेल.
पुन्हा सुरू. इराण आलं. रोटीवाल्याचं घर. त्याची बायको.
एका हातानं बेबीला घट्ट धरलंय. दुसऱ्या हातानं, ऐकू येईल तसं, लिहिते आहे.