आईंचा नवस

बुधवार, दिवेलागणीनंतर

डॉक्टर म्हणाले, एचआयव्हीच्या गोळ्या लागू पडतायत, पण अंग भरायचं तर ह्यांना मासे, अंडी खायला घाला. येताना बांगडे घेतले. घरी बघते तर सासूबाईंनी कुणकेश्वराला नवस बोललेला. मुलगा ठणठणीत होईपर्यंत मासा, अंडं त्याच्या ताटात पडणार नाही! त्यांना वाटतं, टायफॉइडचा अशक्तपणा. नवस मोडा म्हणून सांगायचं कसं? मग खरा आजारही सांगावा लागेल.

हे डाळभात कालवत बसले. आईंनी तळलेला बांगडा माझ्या ताटात वाढला. "तू खा गो. त्येका सांबाळूक तुझ्या अंगात ताकद होयी."

खाल्ला मी. ह्यांच्यासमोर. काय करणार होते?

हात धुताना ह्यांनी हळूच विचारलं, "बांगडो ताजो होतो मा?"