मडगार्ड कापायचं कुणी?

मोआब, यूटा
२० एप्रिल १९८६

चि. कार्लीन हिला
अर्डिस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. टोलीडोत अजून बर्फ पडतोय हे वाचून तुझ्या बापाला फार बरं वाटलं. इथे जर्दाळू फुलून गेलेसुद्धा, आणि दुसऱ्याची थंडी ऐकली की त्याला उगाच ऊब येते. तब्येतीचं विचारशील तर आहे तसंच. खाणीतली धूळ छातीत बसली ती बसली. ऑक्सिजनची बाटली आता दिवसभर लागते. टपालपेटीपर्यंत जाऊन येतो, आणि मग पायरीवर असा बसतो जणू मुद्दामच बसलाय.

आता मुद्द्याचं. तुझ्या बापाला, डेल्मरला, वरच्या तळावर जायचंय. तुझे आजोबा उन्हाळ्यात मेंढरं घेऊन राहायचे ना, तो झऱ्याजवळचा तळ. आम्ही दोघं तिथेच लहानाचे मोठे झालो. रस्ता तिथेच संपतो. पुढे नुसता उभा लाल कडा, शेळीसुद्धा वर बघून परत फिरते. गेल्या वर्षीच्या लोंढ्याने तळाच्या अलीकडे रस्ता धुऊन नेला आणि मांडीला लागेल अशी खडकाची पायरी उघडी पडली. धडधाकट माणूस गाडी खाली ठेवून पुढचे दोन मैल चालत जाईल. तुझा बाप जाऊ शकत नाही. म्हणतो, एकदा त्या झऱ्याचं पाणी प्यायलो की मग माझं काही मागणं नाही. असं बोलला की एक ठेवून द्यावीशी वाटते, पण साठी उलटलेल्या भावाला मारणं बरं दिसत नाही.

तू तुझ्या कारखान्यातून सवलतीत मिळवून दिलेली जीप तशी गुणी आहे, पण तिची मूळची चाकं त्या पायरीपुढे बशीएवढी दिसतात. हॅस्केलच्या टायरच्या दुकानात विचारलं, तर तिथली पोरं एकदम पस्तीस इंची चाकांवर गेली. डोकं दुखतंय म्हटलं तरी ती पस्तिशीच देतील. तुझा दिवस त्याच गाड्यांमध्ये जातो. सांग, किती मोठं चाक घ्यावं?

लोभ आहेच, त्यात वरून हवा भरायला नको.

तुझी,
अर्डिस आत्या


टोलीडो, ओहायो
४ मे १९८६

ती. अर्डिस आत्यास
कार्लीनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले, मग परत घाबरले. अगं, मी मडगार्डांना वेल्डिंग करते, गाड्यांची आखणी नाही करत. तरी जेवणाच्या सुट्टीत चाचणी विभागातल्या एका म्हाताऱ्याला गाठलं. तो म्हणाला, चाक दोन इंचांनी वाढवलं की ॲक्सल एकच इंच वर जातो. उरलेला इंच वरच्या बाजूला वाढतो आणि मडगार्डाला जाऊन भिडतो. शिवाय चाक जड झालं की इंजिन दमतं आणि ब्रेक उशिरा लागतो. म्हणून दिसायला झोकदार म्हणून रुंद टायर अजिबात घेऊ नकोस. उंच आणि अरुंद घे. त्याच्या मते एकतिशी घेऊन बघावी.

आणखी दोन गोष्टी. खडकावर चढण्याआधी निम्म्याहून जास्त हवा सोडायची, म्हणजे टायर दगडाला बिलगतो. आणि चाक बसतंय का हे सपाट जमिनीवर बघू नकोस, तिथे सगळीच बसतात. एक चाक लाकडाच्या ओंडक्यांवर चढव, स्टिअरिंग पूर्ण वळव, आणि मग बघ.

मला भीती वाटते, आत्या. गाडी त्या पायरीवर कलंडली तर? बाबांची नळी सुटली तर? पण खरं सांगू, या वयात तू टायरच्या दुकानात उभी राहून त्या पोरांशी हुज्जत घालतेस याचा मला फार अभिमान वाटतो. माझ्या मैत्रिणींच्या आत्या बिंगो खेळतात.

बाबांना नमस्कार. भीती माझी आणि माया तुमची, दोन्ही अशीच राहू दे.

तुझी,
कार्लीन


मोआब
१ जून १९८६

चि. कार्लीन,
अनेक आशीर्वाद.

एकतिशी बसवली आणि पायरीवर गेलो. हॅस्केल समोर उभा राहून वाट दाखवत होता, मी चालवत होते. दर खेपेला पुढची चाकं चढायची आणि ॲक्सल खडकावर बसायचा. तो आवाज ऐकून माझे दात शिवशिवले. हॅस्केल भला माणूस, त्याने ते टायर परत घेतले आणि अरुंद तेहतिशी आणून दिली. पायरी तिच्यावर चढेल असं तो छातीठोकपणे सांगतो. पण तुझ्या म्हाताऱ्याने सांगितलं तसं ओंडक्यांवर चाक चढवलं, स्टिअरिंग वळवलं, तर टायर थेट मडगार्डात घुसला. कड दोन बोटं कापल्याशिवाय गत्यंतर नाही.

हॅस्केल पत्रा कापायची कातर घेऊन आला. आणि ज्याला टपालपेटी लांब पडते तो तुझा बाप बाटली ओढत उतरला आणि चाकापुढे उभा राहिला. म्हणाला, हात लावायचा नाही. मला वाटलं, नव्या गाडीवरचा जीव. रात्री जेवताना मी बटाट्यांचं भांडं त्याच्यापुढे आपटलं तेव्हा कुठे बोलला. म्हणे, ते कार्लीनच्या हातचं काम आहे. मी म्हटलं, अरे, तिच्या हाताखालून रोज ढीगभर मडगार्डं जातात, हे बनलं त्या दिवशी ती आजारी असेल. तर म्हणे, ती कधी खाडा करत नाही. तिचं काम कापून मला कुठे जायचं नाही.

आता मी काय बोलू? पावसाळ्यात पुन्हा लोंढे येतील आणि उरलासुरला रस्ताही जाईल. डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याचं नाव काढत नाहीत. तूच लिही त्याला. माझं तो सहा वर्षांचा असल्यापासून ऐकत नाही.

लोभ ठेव, आणि उत्तर लवकर धाड.

तुझी,
आत्या


टोलीडो
१० जून १९८६

ती. बाबांस
कार्लीनचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणे मडगार्डापुढे छाती काढून उभे राहिलात. बाबा, ते माझंच कशावरून? दुसऱ्या पाळीच्या कुणा मिशाळ माणसाचंही असेल, आणि तुम्ही त्याच्यासाठी जीव टाकताय.

आत्याचं पत्र मी कारखान्याच्या आवारात उभी राहून वाचलं आणि तिथेच रडले. मैत्रिणींना सांगितलं, डोळ्यांत ठिणगी गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं की मुलगी वेल्डिंग करते हे तुम्हाला आवडत नाही. चर्चमध्ये माझ्याबद्दल कुणी विचारलं की तुम्ही पावसापाण्यावर बोलायचात. एकदा तरी सांगायचं होतं, बाबा.

असो. जुलैत नव्या मॉडेलच्या तयारीसाठी कारखाना दोन आठवडे बंद असतो. मी येते आहे. मडगार्ड मी कापणार. काम माझं असेल तर कापायचा हक्कही माझाच, आणि त्या मिशाळाचं निघालं तर त्याची माफी मी मागेन. आत्याला म्हणावं, तेहतिशी राहू दे.

जपून राहा. बाटली संपत आली की आत्याला वेळेवर सांगत जा.

तुमची,
कार्लीन


मोआब
३ ऑगस्ट १९८६

चि. कार्लीन,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर गप्प आहे. मडगार्ड कापून तू ज्या कानशीने कड घासलीस, ती गॅरेजमध्येच राहिली. डेल्मर ती परत पाठवू देत नाही.

त्या दिवशी पायरीवर तू चालवत होतीस आणि तो वाट दाखवत होता, तेव्हा तुला फक्त त्याचे हात दिसले. तसंच हवं. गाडी खडकावर असताना एकाच माणसाच्या हातांकडे बघायचं, बाकी जग गेलं खड्ड्यात, ही आपल्याकडची शिस्त आहे. पण मी चाकामागे लावायचा दगड घेऊन खाली उभी होते. तुला जे दिसलं नाही ते सांगते.

हॅस्केलने त्याला पाठुंगळीला घेऊन पायरीवर नेलं, घडीच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर बाटली दिली. घरी याच्या हातात कॉफीचा कप असला की बशी खडखडते. (आपल्या चर्चला कॉफी चालत नाही, पण बिशप काय म्हणतील हे मी त्याला विचारणं सोडलंय.) तिथे ते हात एकदाही हलले नाहीत. हवा सोडलेली तेहतिशी खडकाला बिलगली, डावं चाक अधांतरी झालं, मी डोळे मिटले. पुन्हा उघडले तर तो एका बोटाने तुला किंचित डावीकडे म्हणत होता आणि तू किंचितच देत होतीस. ना तू घाबरलीस, ना तो. चाक मडगार्डाच्या आत जाऊन वळलं, कुठे म्हणून घासलं नाही. तुम्हा दोघांकडे बघून मला माझ्या माहेराचा इतका अभिमान वाटला की हातातला दगड पायावर पडला. म्हणून मी लंगडत होते. तुला म्हटलं होतं संधिवात.

मागची चाकं वर आली तेव्हा त्याने हात उंचावून थांब म्हटलं आणि तोंड कड्याकडे फिरवलं. हॅस्केल म्हणतो, तो रडत होता.

झऱ्याचं पाणी पिऊन म्हणाला, पूर्वी जास्त गार होतं. तक्रार करतोय म्हणजे खूश आहे. पण पोरी, एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तिथून आल्यापासून मला भीती वाटते. पाणी प्यायलो की काही मागणं नाही, असं तो म्हणाला होता. माणसाला काही मागायचंच राहिलं नाही, तर तो थांबेल कशासाठी?

सोबत त्याने स्वतः काहीतरी खरडलंय. मला वाचू दिलं नाही, पाकीट तोच चिकटवणार आहे.

लोभ तुझ्या मडगार्डाच्या कडेसारखा गुळगुळीत असू दे.

तुझी,
आत्या


चि. कार्लीन,
आशीर्वाद.

मला लिहिणं जमत नाही, तुला माहीत आहे. रोज सकाळी मडगार्डाच्या कडेवरून बोट फिरवतो. कुठे खरखर नाही. हॅस्केलची पोरं विचारतात, कुठल्या दुकानात कापून घेतलं. मी सांगतो, टोलीडोची माझी मुलगी आली होती. विचारलं नाही तरी सांगतो. रविवारी बिशपांनाही जीपपाशी नेऊन दाखवलं.

एक सांगायचं राहिलं. तळाच्या वर अजून एक पायरी आहे. अर्डिसला ती माहीत नाही, तिला विचारू नकोस. तेहतिशीवर ती चढणार नाही. पस्तीस लागतील, म्हणजे मडगार्ड आणखी कापावं लागेल. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.

पुढच्या जुलैत कारखाना कधी बंद होतो ते कळव. तोवर मी थांबतो.

बाबा