पिल्लूसाठीचं कस्टर्ड

माझ्या धाकट्या बहिणीला ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. हॉस्पिटलात आता दिवसपाळी मिळाली, त्यामुळे पाय कमी दुखतात. आईचा खोकला थांबला का?

परवा फोनवर पिल्लूनं तुझ्या भाजलेल्या सफरचंदांचं आणि त्यावरच्या गरम कस्टर्डचं इतकं कौतुक केलं की विचारू नकोस. वर म्हणाली, "आई, तुला येतं का गं मावशीसारखं?" मी हसले खरी, पण फोन ठेवल्यावर नुसता जळफळाट झाला.

म्हणून रविवारी मीही घाट घातला. सफरचंदांना साखर-दालचिनी चोळून ओव्हनमध्ये ठेवली. कस्टर्डची पावडर थेट उकळत्या दुधात टाकली आणि गुठळ्याच गुठळ्या! खोलीतली मैत्रीण म्हणाली, "अगं, आधी थंड दुधात कालव ना!" दुसऱ्या खेपेला मस्त जमलं. तिनं दोनदा वाढून घेतलं. मी मात्र माझी वाटी तशीच झाकून ठेवली. पिल्लू कुठे होती खायला?

ती तुला बिलगून झोपते, असं आईनं आनंदानं सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण तुझा हेवा वाटला, छोटे. खूप वाटला. तू तिला सांभाळतेस म्हणून मी इथे टिकून आहे, हे कळतं गं मला.

तिला हवं ते करून घालत जा. फक्त चुकून कधी तिनं तुला 'आई' म्हटलं, तर मला कळवू नकोस.

तुझीच,
जळकुकडी ताई